कळलेलं आत उतरावं लागतं: धर्म, मिथक आणि झेनकडे माणूस का वळतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही देव मानत नाही, शिक्षण विज्ञानाचं. भाऊ अचानक गेला. त्यानंतर तुम्ही आधी जुन्या कथा-पुराणं वाचायला लागलात आणि मग झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या एका गटात ध्यानाला बसायला जाऊ लागलात. तिथे सूत्रं म्हटली जातात, वाकून नमस्कार केला जातो, तुम्हीही ते करता आणि त्याने बरं वाटतं. नेमकं हे बरं वाटणंच तुम्हाला खटकतंय. म्हणून तुम्ही विचारलंय की जगण्याचा अर्थ शोधायला माणसं धर्माकडे, मिथकांकडे, झेनकडे का वळतात. यात आपण स्वतःची फसवणूक करून घेतोय का. आणि बसण्यातून काही मिळवायचं नाही असं झेनच सांगत असेल, तर तिथे अर्थ तरी कुठून मिळणार.

मी बरीच वर्षं झाझेन, म्हणजे झेनमधलं बसून करायचं ध्यान, करतोय आणि नव्याने बसणाऱ्यांना शिकवतो. येणाऱ्यांपैकी निव्वळ कुतूहलापोटी येणारे थोडेच. बहुतेकांचं काहीतरी हातातून निसटलेलं असतं: कुणाचं जवळचं माणूस, कुणाचं लग्न, कुणाची लहानपणापासूनची श्रद्धा. त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मी ऐकत आलोय, आणि त्याचं मला जे उत्तर खरं वाटतं ते आधीच सांगून टाकतो. माणसं या तिन्हींकडे माहिती मिळवायला जात नाहीत. जे ठाऊक आहे पण आत उतरत नाही, ते उतरावं म्हणून जातात. माणूस मरतो हे तुम्हाला भाऊ जाण्याआधीही ठाऊक होतं. तो कशाने गेला हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. त्या माहितीत काही कमी नव्हतं, आणि तरीही तुम्ही म्हणता तसं 'डोक्याला कळतं, पण बाकी कुठेच कळत नाही'. तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मला सगळ्यात नेमकं वाटलं.

नेहमी दिलं जाणारं उत्तरही बघून घेऊ, कारण ते चुकीचं नाही. माणसाला जिथे तिथे हेतू दिसतो. 1944 साली फ्रिट्झ हायडर आणि मॅरियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारी एक चौकट, एवढंच होतं. काय दिसलं ते सांगा म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, तो धाकट्याला मारतोय, वर्तुळ घाबरून घरात लपलंय. त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले लोक किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासे धरायचे तेव्हा मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात, जिथे जिवाला धोका आणि मासळी मिळण्याचा भरवसा नाही, तिथे जाताना मात्र विधींचा मोठा पसारा असायचा. जिथे हात पोचत नाही तिथे माणूस अर्थ उभा करतो, हे यावरून दिसतं.

एवढ्यावरून बरेच जण धर्म आणि मिथकं म्हणजे घाबरलेल्या मनाचे खेळ आहेत असं म्हणून मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. माणूस गोष्टी का रचतो हे त्यातून कळतं. पण शेवट पाठ असलेली तीच गोष्ट माणसं पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा का ऐकतात, तोच विधी एक शब्दही न बदलता का करतात, हे कळत नाही. नुसतं स्पष्टीकरणच हवं असतं तर एकदा ऐकून भागलं असतं.

किसा गोतमीची कथा तुम्ही वाचली असेल. धम्मपद या बौद्ध ग्रंथावरच्या पाली अट्ठकथेत, म्हणजे टीकेत, ती आहे. श्रावस्तीतली ही बाई. नुकतं चालायला लागलेलं तिचं मूल मरतं. ते कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरते. लोक तिला वेडी म्हणतात. शेवटी एक शहाणा माणूस तिला बुद्धांकडे पाठवतो. बुद्ध म्हणतात, चिमूटभर मोहरी आण, फक्त ज्या घरात आजवर कुणी मेलेलं नाही अशा घरातली. ती निघते, संध्याकाळपर्यंत फिरते, तसं घर काही मिळत नाही. मग मुलाला रानात ठेवून ती बुद्धांकडे परत येते.

या कथेचं सार म्हणून 'मृत्यू कुणाला चुकलेला नाही' एवढंच सांगितलं जातं. पण मूल मेलंय हे तर लोक तिला दिवसभर सांगतच होते, आणि ते तिच्या कानांवरून जात होतं. कथेतली सगळी करामत मोहरीत आहे. मोहरी घरोघर असते. म्हणजे प्रत्येक दारात तिला आधी 'आहे ना, घे' असंच ऐकायला मिळणार, तिचा हात पुढे होणार, आणि मग दुसरा प्रश्न तिला स्वतःच्या तोंडाने विचारावा लागणार: या घरात कुणी गेलंय का? त्यावर दारातलं माणूस आपला बाप, आपली मुलगी, आपला नवरा आठवून उत्तर देणार. सकाळी जी कुणाचंच ऐकत नव्हती ती आता इतरांची दुःखं ऐकत एकेका उंबऱ्याशी उभी आहे, आणि कडेवर मूल तसंच आहे. बुद्धांनी तिला उपदेश केला नाही, एक काम दिलं. ते तिने पायांनी, तोंडाने, कानांनी केलं. संध्याकाळी मूल खाली ठेवता आलं ते त्यामुळे.

धर्मातले विधी, निदान त्यांतले चांगले, मला याच जातीचे वाटतात. माणूस जातं तेव्हा घरच्यांना काही सुचत नाही. अशा वेळी कुठे उभं राहायचं, हातात काय घ्यायचं, कोणते शब्द म्हणायचे हे आधीच ठरलेलं असणं हा फार मोठा आधार असतो. शब्द आपण शोधायचे नसतात. आपल्याआधी कितीतरी जणांनी ते अशाच वेळी म्हटलेले असतात, आणि म्हणताना आपल्या शेजारी कुणीतरी उभं असतं. समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केमने 1912 साली धर्मावर लिहिताना याच बाजूवर भर दिला होता. माणसं एकत्र येऊन एका सुरात काही करतात तेव्हा त्यांना स्वतःपेक्षा मोठं काहीतरी जाणवतं, आणि श्रद्धेला बळ तिथून मिळतं, असं त्याचं म्हणणं. गटात सूत्र म्हणताना तुम्हाला जे बरं वाटतं त्याचा काही भाग हाच आहे.

धर्माचं बिघडतं ते दुःखाची कारणं सांगायला लागल्यावर. हिब्रू बायबलमधली ईयोबाची कथा या बाबतीत विलक्षण प्रामाणिक आहे. ईयोबाची मुलं, गुरंढोरं, सगळं जातं. अंगभर फोड येतात, तो राखेत बसतो. तीन मित्र त्याला भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसतं. मग ते बोलायला लागतात, आणि तिथून सगळं विस्कटतं. तुझ्या हातून काहीतरी पाप घडलं असणार, देव उगाच शिक्षा करत नाही, असं ते त्याला परोपरीने पटवतात. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण कारण तोही सांगत नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असे उलट प्रश्नच विचारतो. आणि मग तो रागावतो तो त्या मित्रांवर, ज्यांनी सगळा वेळ देवाचीच बाजू मांडली होती.

देव न मानणाऱ्यानेही ही कथा वाचावी असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला या काळात 'जे होतं ते चांगल्यासाठीच' म्हणणारे भेटले असतील, आणि काही न बोलता शेजारी बसून राहिलेलेही भेटले असतील. धर्माची ही दोन्ही रूपं एकाच कथेत आहेत. पहिल्यावर तुमचा राग असेल तर तो रास्त आहे, त्यासाठी दुसरं नाकारायची गरज नाही.

मिथक आणखी वेगळं काही करतं. स्वतःचं दुःख आपल्याला आतून दिसतं, म्हणून त्याचा काठ दिसत नाही. कथेत तेच दुसऱ्याच्या अंगावर, बाहेरून दिसतं. तुम्ही कथा वाचताच आहात तर गिल्गामेश जरूर वाचा. जुन्या मेसोपोटेमियातली, मातीच्या पाट्यांवर कोरलेली ही कथा. तिचा सगळ्यात जास्त शाबूत राहिलेला पाठ निनवे इथल्या असुरबनीपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातून, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकातून आपल्यापर्यंत आलाय, आणि कथा त्याहून कितीतरी जुनी आहे. उरुक नगरीचा राजा गिल्गामेश, त्याचा जिवाभावाचा सखा एन्किडू. एन्किडू आजारी पडून मरतो. गिल्गामेश सहा दिवस, सात रात्री त्याचं प्रेत पुरू देत नाही, नाकातून अळी बाहेर पडेपर्यंत. इतक्या उघड शब्दांत शोक सांगणारी कथा क्वचित सापडते.

मग तो अमरत्वाच्या शोधात निघतो आणि महाप्रलयातून वाचलेल्या, देवांनी अमर केलेल्या उत्नपिश्तिमपर्यंत पोचतो. तो म्हाताराही उपदेश करत बसत नाही. म्हणतो, मृत्यूला जिंकायचंय ना, मग सहा दिवस, सात रात्री नुसता जागा राहून दाखव. दमलेला गिल्गामेश बसतो आणि बसल्या जागी झोपतो. जागा झाल्यावर हा नाकबूल करणार हे उत्नपिश्तिमला ठाऊक आहे. म्हणून तो बायकोला रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवायला आणि भिंतीवर खूण करायला सांगतो. सातव्या दिवशी त्याला हलवून उठवतात. तो म्हणतो, 'आत्ता कुठे डोळा लागत होता, तेवढ्यात तू मला हलवलंस.' तेव्हा म्हातारा त्याला भाकऱ्या मोजायला लावतो. पहिली वाळून कडक झालीये, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, पुढची पांढरी पडलेली, त्यानंतरचीवर बुरशी, सहावी ताजी, आणि सातवी अजून निखाऱ्यांवरच आहे.

या भाकऱ्या मी नवख्यांना हटकून सांगतो. मृत्यूला हरवायला निघालेल्या माणसाला झोपही हरवता आली नाही, आणि हे त्याला वाद घालून पटवावं लागलं नाही, पुरावा समोर मांडून ठेवला. पुढे त्याला तारुण्य परत देणारी एक वनस्पती मिळते, तीही तो अंघोळीला उतरला असताना साप पळवतो. तो रडतो. मग उरुकला परत येतो आणि सोबतच्या नावाड्याला आपल्या नगरीचा तट दाखवतो: वर चढ, विटा नीट बघ. 'म्हणून मृत्यू स्वीकारावा' असं वाक्य तिथे येतच नाही. ते असतं तर आज कुणी ही कथा वाचली नसती असं मला वाटतं. उत्नपिश्तिम खरोखर होऊन गेला का, हा प्रश्न ती वाचताना तुमच्या मनातही आला नसता. तुमचं विज्ञान आहे तिथेच आहे, त्याला कुठे धक्का लागत नाही.

आता झेन. इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण तुमची खरी अडचण इथे आहे.

जपानमध्ये झेनची सोतो ही शाखा रुजवणारे गुरू दोगेन 1200 साली जन्मले. आई लहानपणीच गेली. परंपरा सांगते की तिच्या अंत्यविधीत धुपाचा धूर वर जाऊन विरताना त्यांनी पाहिला आणि तिथून त्यांचा शोध सुरू झाला. पोरवयातच ते भिक्षू झाले. पुढे एक प्रश्न त्यांना छळू लागला: सगळ्यांच्या ठायी बुद्धत्व मुळातच असेल, तर बुद्धांना साधना करावी का लागली? याचं उत्तर मिळेना म्हणून 1223 साली ते समुद्रमार्गे चीनला गेले.

बंदरात जहाजावरच मुक्काम असताना एका मठाचा म्हातारा स्वयंपाकी तिथे आला. वय एकसष्ट. मठातल्या भिक्षूंच्या जेवणासाठी जपानी अळंबी विकत घ्यायला तो लांबून चालत आला होता. दोगेनांनी त्याला रात्री राहायचा आग्रह केला. तो म्हणाला, मी नसलो तर उद्याचं जेवण नीट होणार नाही. दोगेनांनी विचारलं, या वयात ध्यान करायचं, जुन्या गुरूंची वचनं अभ्यासायची, ते सोडून ही स्वयंपाकाची यातायात कशाला? यावर म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला, परदेशी पाहुण्या, साधना म्हणजे काय हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. काही काळाने दोघांची पुन्हा गाठ पडली. तेव्हा दोगेनांनी सरळच विचारलं, साधना म्हणजे काय? त्याने सांगितलं, साऱ्या जगात कुठेच काही लपवलेलं नाही. पुढे 1237 साली दोगेनांनी मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक आख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात हा प्रसंग जसा घडला तसा सांगितला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या भेटीत दिसतं. अर्थ कुठेतरी दडवून ठेवलाय आणि ध्यान हे तो खणून काढायचं हत्यार आहे, अशी समजूत घेऊनच आपण सगळे बसायला येतो. दोगेनही तीच घेऊन चीनला गेले होते. 'काही मिळवायचं नाही' हे वाक्य त्या समजुतीला उद्देशून आहे. बसून काही फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नका. मिळवण्याच्या नजरेने बसलात की प्रत्येक क्षण पुढच्या क्षणाची वाट पाहण्यात जातो, आणि पुढचा आला की त्याचंही तेच होतं.

हे प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो, कारण बसल्याशिवाय हे सगळं शब्दांचंच राहतं. गोल गादीवर बसायचं, दोन्ही गुडघे खाली टेकलेले, कणा सरळ, डोळे अर्धे उघडे, नजर थोड्या अंतरावर जमिनीकडे. उजव्या तळहातावर डावा तळहात, आणि दोन्ही अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. शिकवताना मी चेहऱ्यांकडे बघत नाही, अंगठ्यांकडे बघतो. माणूस पेंगायला लागला की अंगठे खाली घसरतात. कशाच्या तरी मागे लागला, मनात भांडण सुरू झालं, की ते एकमेकांवर दाबले जाऊन वर टोक काढतात. मनात काय चाललंय हे त्या माणसाला कळायच्या आधी त्याच्या अंगठ्यांना कळलेलं असतं.

नवख्याला श्वास मोजायला सांगतात, एक ते दहा, मग पुन्हा एकपासून. बहुतेकांचा आकडा तीन-चारच्या पुढे जात नाही. मधेच मन निघून जातं आणि बऱ्याच वेळाने कळतं की आपण मोजत नव्हतो. तेव्हा काय करायचं? पुन्हा एक. स्वतःला बोल लावायचा नाही, कुठे गेलो होतो याची चौकशी करायची नाही. गिल्गामेशसारखं 'मी जागाच होतो' म्हणायचंही नाही. दुःखात असलेल्या माणसाच्या बाबतीत ते पळणारं मन ठरलेल्या जागी जातं: शेवटचा फोन, न बोललेलं एखादं वाक्य, मी वेळेवर पोचलो असतो तर. ते दृश्य पुन्हा येतं, पोटात गोळा येतो, आणि तुम्ही बसलेलेच असता. श्वास चालूच असतो. असं होता होता एक गोष्ट अंगवळणी पडते: हा विचार आला तरी मी मोडत नाही, तो येतो, थांबतो, जातो. ही गोष्ट तुम्हाला कुणीही एका ओळीत सांगू शकलं असतं. मी आत्ता सांगितलीच. पण तिचा उपयोग ती अंगठ्यांपर्यंत पोचल्यावर होतो.

संशोधकांनीही या बाजूने पाहिलंय. मेंदूचे काही भाग आपण मोकळे असताना, स्वतःबद्दल घोळत बसलेलो असताना जास्त सक्रिय असतात. येल विद्यापीठातल्या एका गटाने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुरलेल्या साधकांमध्ये ध्यानाच्या वेळी यांतले प्रमुख भाग नवख्यांपेक्षा शांत आढळले. अभ्यास लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. बसणाऱ्याला मात्र त्यात ओळखीचं काहीतरी दिसेल.

झेनमधला एक संवाद तुमच्या उपयोगाचा आहे. चीनमधले जाओजोउ, जपानीत जोशू, हे नवव्या शतकातले गुरू. त्यांच्याकडे एक भिक्षू आला आणि म्हणाला, मी मठात नवीन आहे, मला शिकवा. जोशूंनी विचारलं, पेज पिऊन झाली? तो म्हणाला, झाली. 'मग वाडगा धुऊन टाक.' साधकाने मनात धरून बसायच्या अशा संवादांना, कोड्यांना कोआन म्हणतात. 1228 साली संकलित झालेल्या अठ्ठेचाळीस कोआनांच्या प्रसिद्ध संग्रहात हा सातवा आहे. साध्या गोष्टींत आनंद माना, असा उपदेश म्हणून तो हल्ली सांगितला जातो. माझ्या मते तो त्याहून कडक आहे. भिक्षूने पेज पिणं आणि शिकवण यांत भिंत घातली होती: ते झालं, आता खरी गोष्ट सुरू होऊ दे. जोशूंनी ती भिंत काढून घेतली. भाऊ गेल्यावर आपलं आयुष्य थांबलंय, अर्थ सापडला की ते पुन्हा सुरू होईल, असं तुम्हाला वाटत असेल तर या संवादाबरोबर काही दिवस राहून पाहा. त्याचा अर्थ लावायची घाई नको.

दोन धोके सांगणं मला भाग आहे. पहिला तब्येतीचा. 18व्या शतकातले, झेनच्या रिन्झाई या दुसऱ्या शाखेचे गुरू हाकुइन तरुणपणी साधनेच्या अतिरेकाने आजारी पडले होते. डोकं तापलेलं, पाय बर्फासारखे गार, कानात सतत घोंघावणारा आवाज, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्याला झेनचं आजारपण म्हणतात. बरं व्हायला त्यांना कोआन बाजूला ठेवून शरीराला विसावा देणारी वेगळी ध्यानपद्धत शिकावी लागली. ताज्या दुःखात दिवसदिवस चालणाऱ्या कडक शिबिरांना जाऊ नका. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली. झोप, भूक उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर गादीच्या आधी डॉक्टरांकडे आणि समुपदेशकाकडे जायचं. गादी कुठे पळून जात नाही.

दुसरा धोका मोठा आहे. ध्यानाने माणूस आपोआप भला होत नाही. विसाव्या शतकात जपानच्या युद्धखोरीला तिथल्या झेन संस्थांनी आणि नामांकित गुरूंनी उघड पाठिंबा दिला. 'मी'पणा सोडण्याची शिकवण सैनिकाने विचार न करता मरावं आणि मारावं यासाठी वापरली गेली. सोतो संप्रदायाने 1992 साली याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. मी हे प्रत्येक नवख्याला सांगतो. बसण्याने मन स्थिर होतं, पण ते कशासाठी स्थिर झालं हे वेगळं विचारावं लागतं. धर्म आणि मिथकांनाही हेच लागू आहे. दुःखी माणसाला अर्थाची फार भूक असते, आणि त्या भुकेवर तयार अर्थ वाढायला बसलेले लोक सगळीकडे असतात. तुमचे प्रश्न थांबवून उत्तर देणाऱ्या कुणापासूनही लांब राहा, मग तो गुरू कितीही शांत दिसो.

राहिला तुमचा सगळ्यात टोचणारा प्रश्न: विश्वास नसताना सूत्रं म्हणणं, वाकणं, हे ढोंग आहे का?

झेन गटांमध्ये चार व्रतं म्हणतात. त्यांतलं पहिलं साधारण असं आहे: प्राणी अगणित आहेत, त्या सगळ्यांना तारायचं व्रत मी घेतो. शब्दशः बघितलं तर हे अशक्य आहे, आणि ते अशक्य आहे हे म्हणणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अगणित हा शब्द त्यातच आहे. जगाबद्दलचं विधान म्हणून ते तपासायला घेतलंत तर ते टिकणार नाही. पण ते विधान नाही. आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते त्यात म्हटलंय. वाकण्याचंही तसंच. मी वाकतो तेव्हा मूर्तीच्या आत कुणी बसलंय आणि ते माझी नोंद घेतंय असं मानत नाही. दिवसभर ताठ असलेली मान काही क्षण खाली जाते, आणि मान खाली गेल्यावर जे जाणवतं ते मान ताठ ठेवून जाणवत नाही. किसा गोतमीने दारोदार मोहरी मागितली तेव्हा त्या मोहरीने मूल जिवंत होणार नव्हतं. तिने ती मागितली मात्र खरोखर. फसवणूक म्हणायला खोटं काहीतरी खरं म्हणून पदरात घ्यावं लागतं. तुम्ही तसं काय घेतलंय, हे स्वतःला नीट विचारा. भाऊ परत येईल असं तुम्ही मानत नाही. तो गेला ते बरंच झालं असंही मानत नाही. जे झालंय ते तसंच ठेवून तुम्ही त्याच्याजवळ बसायला शिकताय.

तरीही एखाद्या ओळीपाशी जीभ अडखळली तर तिथे गप्प राहा, बाकीचं म्हणा. वाकावंसं वाटलं नाही तर हात जोडून उभे राहा. आमच्याकडे असे पुष्कळ जण वर्षानुवर्षं बसतात आणि त्यांच्या साधनेत त्याने काही उणं येत नाही. तुमच्या गटातल्या शिक्षकांना हे मोकळेपणाने सांगा. ते ऐकून घेतील तर तिथेच बसत राहा. आधी विश्वास ठेवा मग कळेल, असं म्हणाले, तर दुसरा गट शोधा.